चिलटाला नाव देण्याआधी

आमच्या नाशिककडे ‘फळमाशी’ म्हटलं की आंब्यात अळी पाडणारी माशी डोळ्यांसमोर येते. ती बॅक्ट्रोसेरा. मी काम करते ते ड्रोसोफिलावर, म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या चिलटावर. त्यातल्या नव्या जाती ओळखून त्यांचं वर्णन करायचं, नाव द्यायचं, हे माझं काम. दोघांची कुळं वेगळी. या क्षेत्रात येणाऱ्यांनी हा फरक आधीच पक्का करावा, नाहीतर ओळख पटवायला भलतीच किल्ली, म्हणजे लक्षणांवरून जात शोधायचा तक्ता, हातात घेऊन बसाल.

एमएस्सी झाल्यावर सरांनी अंदमानहून आणलेल्या माश्यांच्या नळ्या माझ्याकडे सोपवल्या. त्याआधी मात्र त्यांनी मला सहा महिने नाशिकच्याच माश्या गोळा करायला लावल्या होत्या. बाटलीत कुस्करलेलं केळं, वर चिमूटभर यीस्ट, आणि ती बाटली कधी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराजवळ, कधी द्राक्षाच्या हंगामात एखाद्या बागेच्या कडेला. तेव्हा मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. आता कळतं की बेटावर पोचलं तरी सापळ्यात आधी येतात त्या फळांसोबत बोटीतून जगभर पसरलेल्या माश्याच. त्या बघताक्षणी ओळखता आल्या नाहीत तर प्रत्येक माशी नवीनच वाटते.

मलाही तसंच वाटलं. पहिल्याच महिन्यात एक फिकट पिवळा नर दिसला, पोटावर काळं जवळजवळ नाहीच. नेमकं त्याच आठवड्यात मी ड्रोसोफिला सॅन्टोमियाबद्दल वाचलं होतं. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात साओ टोमे नावाचं ज्वालामुखी बेट आहे. तिथे डोंगराच्या खालच्या भागात यकुबा ही माशी राहते, वरच्या दमट जंगलात सॅन्टोमिया, आणि मधल्या पट्ट्यात दोघींचा संकर होतो. यकुबाच्या नराच्या पोटाचं टोक काळं असतं, सॅन्टोमियाचं पिवळं. सॅन्टोमियाचं वर्णन २००० साली प्रसिद्ध झालं. आपल्याही हाती तसंच काही लागलंय या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी सरांना नळी दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, “अगं, ही कोषातून बाहेर येऊन किती तास झाले होते?”

मी ते बघितलंच नव्हतं. कोषातून नुकतंच निघालेलं चिलट मऊ आणि फिकट असतं, पंखसुद्धा चुरगळलेले असतात. रंग नंतर चढतो. मी त्याला तशाच अवस्थेत अल्कोहोलमध्ये टाकलं होतं. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: माशी तीन-चार दिवस जिवंत ठेवायची, रंग वहीत लिहायचे, फोटो काढायचे आणि मगच अल्कोहोल. अल्कोहोलात रंग आणखी उतरतो, त्यामुळे ती नोंद नंतर कुठूनही मिळत नाही.

दुसरी सवय एकेका मादीचा वंश वेगळा वाढवण्याची. जवळच्या जातींच्या माद्या दिसायला सारख्याच असतात. म्हणून एक मादी एका नळीत ठेवायची आणि तिच्या मुलांवरून ओळख पटवायची. खाद्य स्वस्तात होतं: हजार मिली पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, ८ ग्रॅम अगर, आणि बुरशी येऊ नये म्हणून ७.५ मिली प्रोपिऑनिक आम्ल. नाशिकच्या एप्रिलमध्ये मात्र नळ्या खोलीत उघड्यावर ठेवू नका. पारा तिशीच्या वर राहिला तर नर वांझ होतात आणि वंश तिथेच बुडतो.

खरा निवाडा नराच्या जननेंद्रियावर होतो. जगभर आढळणारी सिम्युलन्स, मॉरिशसची मॉरिशियाना (वर्णन १९७४) आणि सेशेल्सची सेशेलिया (१९८१) या तिघी बाहेरून बहिणी-बहिणी. पण नराच्या पोटाच्या टोकाला कमानीसारखा भाग असतो. त्याची मागची पाळी सिम्युलन्समध्ये मोठी आणि शिंपल्यासारखी, तर मॉरिशियानात बोटासारखी निमुळती असते. पोटाचं टोक कापायचं, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट करायचं, धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात घ्यायचं. द्रावणात जास्त वेळ राहिलं तर कडाच दिसेनाशा होतात. आणि तो तुकडा फिरवून बघा. जरा कलला की रुंद पाळीसुद्धा निमुळती दिसते. मी एकाच कोनातून आठवडाभर चित्रं काढली आणि ती सगळी फेकून दिली.

“डीएनए केला की झालं की,” असं मला नवीन मुलं हमखास म्हणतात. बारकोडचा तुकडा, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरलेला भाग, कराच, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. तो मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. मॉरिशियाना आणि मादागास्करची सिम्युलन्स यांच्यात एक मायटोकाँड्रियल प्रकार जवळजवळ सारखाच सापडतो. जाती वेगळ्या, पण तो तुकडा वेगळा नाही. अन्न आणि अधिवासही लिहून ठेवा. सेशेलिया नोनीवर, म्हणजे आपल्या बारतोंडीच्या भाईबंदाच्या फळावर जगते. त्या फळातली आम्लं इतर चिलटांना मारतात. कुठल्या झाडाखाली, कुठल्या फळावर माशी मिळाली हे नळीच्या चिठ्ठीवर नसेल तर असं काही कळण्याची वाटच बंद होते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. गोळा करण्याआधी वनखात्याची परवानगी. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचे नमुने नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा संग्रह आहे. ऑनलाइन नियतकालिकात छापणार असाल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. ड्रोसोफिला हे स्त्रीलिंगी नाव, तेव्हा विशेषणातून घेतलेलं जातीचं नावही स्त्रीलिंगी हवं.

ओळखीचे लोक मला सापडलेल्या नव्या जातीचं नाव विचारतात. ते मी अजून आईलाही सांगितलेलं नाही. वर्णनाशिवाय नाव आधीच कुठे छापून आलं तर ते नियमाने ग्राह्य धरलं जात नाही, म्हणून सरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. तिच्या वर्णनाचा लेख परीक्षकांकडे जाऊन पाच महिने झाले. पहिल्या फेरीत त्यांनी १९७० च्या दशकातल्या एका वर्णनाशी तुलना मागितली, ती करायला मूळ नमुन्याचे फोटो मागवावे लागले. परवा ते आले. पाळीची कड आमच्या माशीत खाचदार आहे, त्या जुन्या नमुन्यात सरळ. मी तीन कोनांतून पुन्हा चित्र काढलं. होलोटाइपची, म्हणजे ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव ठरतं त्याची, डबी टेबलावर आहे, लाल चिठ्ठी लिहून तयार आहे. फक्त नावाची ओळ कोरी ठेवलीय.