गज धरून अंगठा दुखतो? पकड जाड करून बघा

व्हायोलिनच्या तारांवर गज फिरवताना उजवा अंगठा दुखायला लागला की सगळे एकच सांगतात, हात सैल सोड. मलापण सांगलीत क्लासला दोन वर्षं हेच ऐकवलं. अहो पण गजाची काडी पकडीपाशी असते जेमतेम साडेआठ मिलीमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडीशीच जाड, ती घसरू नये म्हणून हात आवळणारच ना. काडी तिथे जाड केली की हात आपोआप सुटतो.

आधी फ्रॉग बघा, म्हणजे तो काळा ठोकळा ज्यात केस अडकवलेत. अंगठ्याचं टोक अर्धं त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर आणि अर्धं काडीवरच्या चामड्यावर येतं. स्वस्तातल्या गजाला हा कोपरा चांगलाच टोकदार असतो, माझ्या अंगठ्याला घट्टा पडला तो त्याच्यामुळेच. चारशे नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि फक्त धार मोडेल इतकंच हलक्या हाताने घासा. गज जुना किंवा भारीतला असेल तर मात्र हे घरी करू नका.

आता काडी जाड करायला नळी. मिरजेत मेडिकल दुकानांना तोटा नाही, तिथे रबरी सर्जिकल नळी मागा, आतून आठ मिलीमीटरची, सलाईनची बारीक असते ती चालत नाही. तीनेक सेंटीमीटर तुकडा पुरतो, पण कापायच्या आधी गज पूर्ण सैल सोडून फ्रॉगच्या पुढे किती जागा उरते ते मोजा. मग मागचा स्क्रू पूर्ण काढायचा, फ्रॉग केसांसकट खाली लोंबकळतो, त्याला पीळ पडू द्यायचा नाही, आणि काडीच्या मोकळ्या टोकाकडून नळी चामड्यावर सरकवायची. जात नसेल तर आतून जरा पाणी लावा, तेल नको, तेलाचा हात केसांना लागला तर केस बादच. नळी फ्रॉगच्या खाली अडकली तर फ्रॉग नीट बसत नाही, म्हणून ती पुढेच राहू द्या.

जाडी वाढवायच्या नादात वजन विसरू नका, खरी गोम तिथेच आहे. आख्खा गज साधारण साठ ग्रॅमचा, बोटावर तोलला तर फ्रॉगकडच्या टोकापासून पंचवीसेक सेंटीमीटरवर तोल सापडतो. नळी दोन ग्रॅमची, तोल अर्धा-पाऊण सेंटीमीटर हाताकडे सरकतो, तेवढं चालतं. मी आधी बॅडमिंटनच्या रॅकेटची टेप गुंडाळली होती, दोन पदर, धरायला एकदम मस्त, पण विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गज टोकाला गेला की आवाज विरून जायचा कारण पुढे वजनच जाणवेना, मग तर्जनीने दाबत बसा, म्हणजे अंगठ्याचं दुखणं तर्जनीला. शिवाय मे महिन्यात घामाने ती टेप नुसती चिकचिक.

रबर आवडत नसेल तर चामडंच बदला. चप्पलवाल्याकडे अस्तराचं पातळ बकऱ्याचं कातडं मिळतं, कडा तासून फेविकॉलने दोन पदर लावा, फेविक्विक काडीला अजिबात नको, पुढच्या वेळी काढताना पॉलिशसकट निघतं. रात्रभर दोऱ्याने बांधून ठेवा.

करंगळी काडीवरून घसरत असेल तर तिथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा पुरे. सारंगीवाल्यांनी यातलं काही करू नका, तो गज जड असतो आणि तळहात वर करून धरतात, तिथला हिशोबच वेगळा.