फ्रोकोस्टला बोलावलंय? आधी वेळ विचारा

कोपनहेगनमध्ये कुणी ‘फ्रोकोस्ट’ला बोलावलं तर ते दुपारचं जेवण. ओस्लोत हाच शब्द सकाळच्या नाश्त्यासाठी, त्यामुळे किती वाजता यायचं ते स्पष्ट विचारून घ्या. स्वीडनमध्ये टपरीवर ‘ग्लास’ दिसलं की समजा आइस्क्रीम. तिथल्या ‘इनफार्ट’च्या पाटीचा फोटो आपली मंडळी हसत हसत काढतात, बिचारी पाटी फक्त गाडी आत घ्यायचा रस्ता दाखवते.

खरं जपायचं ते ‘गिफ्ट’ला. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन तिन्हींत त्याचा अर्थ विष. बाटलीवर ही अक्षरं दिसली तर हात लावू नका. आणि हो, ‘विवाहित’लाही तोच शब्द! दोन्हींचं मूळ ‘देणे’: आपण ‘मुलगी दिली’ म्हणतो, तसंच काहीसं.