आफ्रिकन-अमेरिकन कविता मुलांना कशी ऐकवावी

सुरुवातीला दोन कविता पुरेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी लँग्स्टन ह्यूज यांची ‘मदर टू सन’, बारा-तेराच्या पुढे ग्वेंडोलिन ब्रूक्स यांची ‘वी रिअल कूल’. आधी गुलामगिरीवर भाषण देऊ नका. अर्धा तास इतिहास ऐकून दमलेल्या मुलांच्या कानात कविता शिरत नाही.

‘मदर टू सन’ वीस ओळींची आहे. आई मुलाला सांगते, माझा जिना काही बिलोरी नव्हता. त्यात खिळे होते, कुसळं होती, फळ्या उखडलेल्या होत्या, तरी मी अजून चढतेय. दोनदा सावकाश वाचा.

आता अवघड भाग. ही आई ‘एन्ट बीन नो’ (ain't been no) असं बोलते, म्हणजे शाळेतल्या इंग्रजीत चूक धरला जाणारा दुहेरी नकार वापरते. ही चूक नाही, ती कृष्णवर्णीयांची घरची बोली आहे आणि तिला स्वतःचं व्याकरण आहे. हे मला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा कविता घेतली तेव्हा मी फळ्यावर तिच्याशेजारी ‘शुद्ध’ वाक्य लिहिलं. एका मुलीने कवितेची ओळ वहीत नीट खोडली आणि माझं वाक्य उतरवून घेतलं. त्या आईचं तोंड मीच बंद केलं होतं. ती खोडलेली ओळ मला आजही दिसते.

म्हणून बजावून सांगते: आईचं बोलणं सुधारू नका. तिच्या उच्चारांची नक्कलही करू नका, मुलं हसतात आणि कविता तिथेच संपते. आपल्या साध्या आवाजात वाचा. मराठीत सांगायचं तर ‘जीवन हा स्फटिकाचा सोपान नव्हे’ असलं पुस्तकी भाषांतर तर नकोच. ‘पोरा, माझा जिना काय बिलोरी नव्हता’ असं म्हणा. मग मुलांना विचारा, तुझी आजी हे कसं म्हणेल? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, जे येईल ते येऊ द्या.

तिचा जिना असा का होता, हे कोणीतरी विचारतंच. इतिहास तेव्हा सांगा. ही कविता 1922 साली ‘द क्रायसिस’ मासिकात आली. संपादक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत. त्यांनाच 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं आणि अस्पृश्यांची व अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे मांडलं. मोठ्या मुलांना हा धागा जरूर द्या.

‘वी रिअल कूल’ सोपी आहे. शाळा सोडून पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळत बसलेल्या सात पोरांची ही कविता. ओळी आठ, शब्द चोवीस. पहिल्या सात ओळींच्या शेवटी ‘वी’ (we, म्हणजे आम्ही) येतो. सात मुलं उभी करा आणि प्रत्येकाला एकेक ‘वी’ द्या. तो हळू आवाजात म्हणायचा, ब्रूक्स स्वतः तसाच म्हणत. बाकीचे शब्द तुम्ही वाचा. आठव्या ओळीत ही पोरं लवकर मरणार असं येतं, आणि तिच्या शेवटी ‘वी’ नाही. पहिला मुलगा पुन्हा आपली पाळी येईल म्हणून तुमच्याकडे बघतो. तेव्हा लगेच काही बोलू नका.