डिझायनरचं काम कुणाला कुठपर्यंत दिसतं

नव्या नोकरीत ॲप आणि वेबसाइटच्या स्क्रीन करणाऱ्या डिझायनरकडे पहिलं काम बहुतेकदा सगळं ठरून झाल्यावर येतं. फील्ड (माहिती भरायचे रकाने) ठरलेली, बटणं ठरलेली, रिलीजची तारीखसुद्धा ठरलेली. ‘फक्त जरा छान दिसेल असं कर,’ एवढंच उरलेलं असतं. ऐकून राग येतो, पण प्रॉडक्ट मॅनेजरला आपल्या कामातलं दिसतं ते शेवटचं टोक: रंग, अक्षरं, मांडणी. हे फील्ड मुळात हवंच का, हा विचार आपल्या वहीत राहिला तर तो त्याला दिसणार कुठून?

आपली स्वतःबद्दलची कल्पना मात्र बरीच मोठी असते. १९९३ मध्ये डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी ॲपलमध्ये ‘यूझर एक्स्पीरियन्स आर्किटेक्ट’ (वापरणाऱ्याच्या अनुभवाचा रचनाकार) हे पद घेतलं, तेव्हा त्यांच्या मनात इंटरफेसपासून मॅन्युअलपर्यंत सगळंच होतं. आपण शिकतो ते हे चित्र, आणि हातात येते एक स्क्रीन. नव्या माणसाचा जीव घुसमटतो तो इथेच.

मला उपयोगी पडलं ते असं. पैसे भरण्याची एक स्क्रीन करायला सांगितली होती. मी तिच्या शेजारी बाकीच्या शक्यता मांडल्या: नेट गेलं, कार्ड नाकारलं, बटण दोनदा दाबलं गेलं, पैसे कापले पण बँकेचं उत्तर आलं नाही. शेवटच्या शक्यतेवर बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरची बाजू सांभाळणारा, लगेच म्हणाला, ‘हे पेंडिंगमध्ये राहतं, याला वेगळी स्टेट लागेल.’ सपोर्टमधली सहकारी म्हणाली, ‘फोन येतात ते याचेच.’ मग ‘व्यवहार अयशस्वी’ काढून ‘बँकेच्या उत्तराची वाट पाहत आहोत, पुन्हा पैसे भरू नका’ असा मजकूर ठरला. बटणाच्या रंगावर त्या मीटिंगमध्ये कुणी बोललंच नाही.

तेव्हा एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. वापरणाऱ्याची बाजू फक्त डिझायनरलाच कळते, हा आपला समज खरा नाही. सपोर्टवाले दिवसभर त्याच लोकांशी बोलत असतात. त्यांच्याकडे आलेल्या तक्रारी आधी वाचा, मगच फिग्मा, म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, उघडा.

आवडीनिवडीचे वाद येतातच. ‘फिकट राखाडी छान दिसतो’ याला ‘मला नाही आवडत’ हे उत्तर पुरत नाही. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीचे निकष म्हणजे डब्ल्यूसीएजी; त्याच्या एए पातळीवर साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. तो मोजून दाखवा. तिथे तुमचा निर्णय आणि त्यामागचं कारण दोन्ही समोर येतात.

आणि मुलाखतीत पोर्टफोलिओ दाखवून झाला की तुम्हीही विचारा: काय बनवायचं हे इथे कोण ठरवतं आणि त्या चर्चेत डिझायनर असतो का? ‘नाही, पण चालेल की’ असं उत्तर आलं तर तिथे जागा करून घेता येते. प्रश्नच कळला नाही, तर मी दुसरीकडे बघेन.