‘आर्किटेक्ट नोंदणी अवैध’ येतंय? माझा अनुभव

मी आर्किटेक्ट. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या काकांच्या घराचा नकाशा मंजुरीसाठी ऑनलाइन भरताना हीच लाल ओळ यायची. ब्राउझर बदलला, पासवर्ड नवा केला, ‘सीए/वर्ष/क्रमांक’ असा असणारा माझा नोंदणी क्रमांक तिरप्या रेघांविनाही टाकून पाहिला. तीन आठवडे डोक्याचं भजं!

शेवटी माझं नोंदणी प्रमाणपत्र नीट वाचलं. मुदत ३१ डिसेंबरलाच संपलेली. (चूक माझीच.) १९७२च्या वास्तुविशारद कायद्याच्या कलम २७ नुसार नूतनीकरण शुल्क थकलं की नोंदवहीतून नाव निघतं, आणि ती नोंदवही दिल्लीच्या वास्तुकला परिषदेची. इथे वडोदऱ्यात खेटे घालून उपयोग नाही.

आधी परिषदेकडे थकबाकी आणि नाव पुन्हा घेण्याचं शुल्क भरलं. नव्या मुदतीचं प्रमाणपत्र आल्यावर लॉगिनमधली जुनी पीडीएफ काढली, नवी चढवली, तारीख बदलली. मग नकाशा भरला. लाल ओळ गेली.