कोळ्यानं अंगात अंडी घातली असं वाटतंय? मग आधी हे बघा

मागच्या श्रावणात कानबाईच्या सणाआधी आमच्याकडं घर झाडायचं चालू होतं, धाब्याचं घर आहे, कडीपाटाला जाळीच जाळी. भाचीनं ती सगळी काढली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवर लाल पट्टा, त्यावर बारीक पाण्याचे फोड. शेजारची आक्का म्हणे कोळी मुतला, वरून कोणीतरी मोबाईलवर ती क्लिप पाठवली, फोड फुटतो आणि आतून कोळ्याची पिल्लं निघतात ती. पोरगी दोन रात्री झोपली नाही भो, सारखं विचारायची, मामा माझ्या अंगात कोळी तर नाही ना.

तर नाही. कोळी माणसाच्या अंगात अंडी घालू शकत नाही. चावायचे दात तोंडाशी, अंडी निघतात पोटाखालच्या फटीतून, म्हणजे चावला आणि त्यातून अंडी आत गेली असं होतच नाही. कपाशीवाल्यांना ट्रायकोकार्ड माहिती आहे ना, त्यातला ट्रायकोग्रामा नावाचा गांधीलमाशीच्या जातीतला बारका किडा बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं टोचतो, त्याला सुईसारखी नळीच असते त्यासाठी. कोळ्याला तशी नळी नाही. मादी आधी धाग्याचं अंथरूण करते, त्यावर अंडी घालते आणि वरून परत धागा गुंडाळून पिशवी करते. भिंतीवरचा तो मोठा चपटा कोळी पोटाखाली पांढरी चकती धरून पळतो बघा, तीच अंड्याची पिशवी. रावेर-यावलकडं केळीच्या घडातल्या कोळ्याची भीती घालतात, पण फॉरवर्डमधला तो विषारी केळीवाला कोळी दक्षिण अमेरिकेतला आहे, आणि तोही माणसात अंडी घालत नाही.

कानात मात्र कोळी शिरू शकतो, हे खरं आहे. तैवानमधल्या 64 वर्षांच्या बाईच्या कानात बारका कोळी आणि त्यानं टाकलेली कात सापडली होती, 2023 मध्ये डॉक्टरांनी ते छापलंय. अंडी नव्हती. कानात काही वळवळलं तर काडी, पिन घालू नका, पडदा फाटेल. कान वाहत नसेल, पडद्याला भोक नसेल तर कोमट खोबरेल तेलाचे थेंब टाका, आतला जीव मरतो, मग कानाच्या डॉक्टरकडून काढून घ्या. कान वाहत असेल तर तेलही नको, सरळ डॉक्टर.

आता फोडाकडं या. फोडू नका, दाबू नका, चुना, तंबाखू, रॉकेल काहीच लावू नका, भाचीला आक्कानं चुना लावला आणि कातडी अजून भाजली. उजेडात नीट बघा. ओढल्यासारखी लाल रेघ, वर पाण्याचे फोड आणि जळजळ असेल तर बहुतेक वेळा पावसाळ्यात ट्यूबलाईटवर येणारा तो काळा-तांबूस पट्ट्याचा, मुंगीसारखा लांबट किडा असतो. तो चावत नाही, आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पाणी कातडी जाळतं, फोड एक-दोन दिवसांनी येतात म्हणून कोळ्याचं नाव होतं. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडला गेलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवा. भाचीला हेच झालेलं, आठवड्याभरात बरं झालं.

अंगाच्या एकाच बाजूला पट्टा आणि आतून ठणका असेल तर ती नागीण असू शकते, तिला 3 दिवसांच्या आत औषध चालू झालेलं चांगलं, त्यामुळं मंत्र-उतारे करत बसू नका.

खरंच कातडीत अंडी घालणारा आठ पायांचा जीव एकच लक्षात ठेवा, खरजेचा किडा, कोळ्याचाच लांबचा भाऊबंद. मादी कातडीत बोगदा करते आणि रोज 2-3 अंडी घालते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज आणि रात्री जास्त, घरात दोघा-तिघांना एकदम, तर खरूज समजा. डॉक्टर पर्मेथ्रिन 5 टक्के मलम देतात, ते मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसलेल्यांनी सुद्धा, नाहीतर परत येते. आठवड्यानं पुन्हा एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. उघड्या जखमेत अळ्या पडल्या तर त्या माशीच्या असतात, ढोरांच्या जखमेत बघतो तशाच, त्याला दवाखानाच लागतो.

बिडीनं भाजल्यासारखी काळी खपली आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला ती खपली दाखवा, हा गोचिडासारख्या बारक्या किड्यापासून होणारा स्क्रब टायफस असू शकतो, वेळेत गोळ्या मिळाल्या तर बरा होतो.

आणि हे जास्त लक्ष देऊन वाचा. रात्री खाली झोपलेलं माणूस उठून म्हणतं काहीतरी चावलं, कोळी असेल, खूण दिसत नाही, दुखतही नाही, पण पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. ही मण्यार असू शकते. फडकं आवळून बांधू नका, कापू नका, चालवू नका, 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं.