बग सापडला की आधी मेल लिहायला शिका

बर्प (वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण अडवून तपासायचं टूल) कसं लावायचं, आयडॉर (लिंकमधला नंबर बदलला की दुसऱ्याचा डेटा दिसणं) म्हणजे काय, ओवास्पच्या टॉप टेनमध्ये, म्हणजे वेबच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत, काय काय येतं हे मी इथे सांगत बसणार नाही, ते तुम्हाला येत असेल नाहीतर फुकटात शिकता येईल. सायबर सिक्युरिटीत यायचंय म्हणून मला विचारणारी पोरं-पोरी बहुतेक तीनच गोष्टी विचारतात, कोणता कोर्स करू, कोणतं सर्टिफिकेट घेऊ आणि पहिली बाउंटी, म्हणजे बग कळवल्याचं बक्षीस, कधी मिळेल. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली त्रुटी, सापडल्यावर माझ्यावर केस तर होणार नाही ना, हे कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आज पुण्यात एका कंपनीत अॅप्लिकेशन सिक्युरिटीचं काम करते, पगार वेळेवर होतो, सगळं बरं चाललंय, तरी लँडलाइनवरून अनोळखी फोन आला की अजून पोटात गोळा येतो.

आधी कायदा, थोडक्यात. आयटी अॅक्ट २००० सालचा. कलम ४३ म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरलात किंवा डेटा उतरवून घेतलात तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. कलम ६६ म्हणतं की हेच जर अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं असेल तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेली सिस्टीम असेल तर कलम ७०, तिथे १० वर्षांपर्यंत. 'मी चांगल्या मनाने शोधलं हो' म्हणणाऱ्या रिसर्चरला, म्हणजे बग शोधणाऱ्याला, सोडून देणारं वेगळं कलम या कायद्यात नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये जाहीर केलं की प्रामाणिक रिसर्च करणाऱ्यावर तिकडच्या कॉम्प्युटर कायद्याखाली खटला भरायचा नाही, ते वाचून इकडे कोणी हुरळून जाऊ नये, तुमचं पोलीस स्टेशन अमेरिकेत नाही.

म्हणजे आपल्याकडे ४३ आणि ६६ मधला सगळा फरक तुमच्या हेतूवर उभा आहे. आणि हेतू काही कोणाला दिसत नाही, दिसतं ते तुम्ही काय लिहिलंत ते. मी अडकले ती जागा हीच, म्हणून यावर जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

एका शिक्षणसंस्थेचं पोर्टल होतं, नाव घेत नाही. फीची पावती डाउनलोड करायच्या लिंकमध्ये शेवटी एक नंबर होता आणि तो नंबर बदलला की दुसऱ्याची पावती उघडायची, नाव, जन्मतारीख, मोबाइल, आधारचा फोटो सगळं. तपासायला मी माझं अकाउंट आणि मैत्रिणीचं, तिला विचारून, एवढंच वापरलं. तिसऱ्या कोणाचीही पावती उघडली नाही, काही साठवलं नाही. टेक्निकल बाजूने आजही मला त्यात खोट दिसत नाही. मग मेल लिहिला, नेटवर फिरणारं रिपोर्टचं टेम्प्लेट घेऊन, आणि त्या टेम्प्लेटच्या शेवटी दोन वाक्यं होती. त्यांचा मतलब असा: तुमच्याकडे रिसर्चरला काही रिवॉर्ड द्यायची पद्धत आहे का? आणि, नेहमीच्या प्रॅक्टिसप्रमाणे ९० दिवसांनी मी हे पब्लिक करेन.

उत्तर आलं ते त्यांच्या वकिलाचं. नेमकी तीच दोन वाक्यं ठळक करून, खाली 'खंडणी' हा शब्द घालून.

आता बघा, ही दोन्ही वाक्यं सुटी सुटी घेतली तर निरुपद्रवी आहेत. हे ९० दिवस पसरले गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या बग शोधणाऱ्या टीममुळे, ती टीम २०१४ पासून आहे आणि ती रिपोर्ट करते मायक्रोसॉफ्ट, अॅपलसारख्यांना, जिथे समोर अख्खी सिक्युरिटी टीम बसलेली असते आणि ९० दिवस म्हटलं की कोणी दचकत नाही. तुमचा मेल जातो तो इन्फो अॅट अमुकतमुकवर. तो उघडतो एक क्लार्क, तो देतो रजिस्ट्रारला, रजिस्ट्रार ट्रस्टींना दाखवतो, ट्रस्टी वकिलाला फोन लावतात. यांच्यापैकी एकानेही आयुष्यात बग बाउंटी हा शब्द ऐकलेला नसतो. वकील वाचतो ते असं: हिच्याकडे आमचा डेटा आहे, ही पैसे मागतेय, अमुक तारखेपर्यंत नाही दिले तर चव्हाट्यावर मांडेन म्हणतेय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ हे खंडणीचं आहे आणि त्या वकिलाच्या जागी मी असते तर मलाही तेच आठवलं असतं. शिवाय कलम ६६ मध्ये अप्रामाणिक हेतू म्हणजे गैर मार्गाने फायदा उकळायचा किंवा दुसऱ्याचं नुकसान करायचा इरादा. तुम्ही तोंडाने पैशाचं नाव काढलंत की समोरच्याला हा इरादा शोधत बसावा लागत नाही, तो तुमच्याच सहीने त्याच्या हातात असतो. जी एकच गोष्ट तुम्हाला वाचवणार होती तीच तुम्ही शेवटच्या ओळीत घालवलीत.

म्हणून ज्यांचा बाउंटी प्रोग्राम लेखी जाहीर नाही तिथे पैशाचा विषय काढायचाच नाही. 'टी-शर्ट मिळेल का' हेसुद्धा नाही. तारीख द्यायची नाही. मेलमध्ये कोणती लिंक, काय केलं की काय दिसतं, कोणाची अकाउंट वापरली, दुसऱ्या कोणाचा डेटा पाहिला किंवा ठेवला नाही, आणि आणखी माहिती लागली तर मी इथे आहे. संपला मेल. स्क्रीनशॉट जोडायचा तर स्वतःच्याच पावतीचा, त्यातही आधार झाकून. 'खात्री करायला म्हणून पाचशे रेकॉर्ड काढून बघितले' असं कोणी मला सांगितलं की मी डोक्याला हात लावते. दोन अकाउंटवर बग सिद्ध होतो, पाचशेवर गुन्हा सिद्ध होतो.

पाठवायचा कुठे? आधी साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची, बग कुठे कळवायचा ते सांगणारी फाइल आहे का बघा, २०२२ पासून त्याचं रीतसर स्टँडर्ड आहे, आरएफसी ९११६. व्हीडीपी, म्हणजे बग कसा कळवायचा याचं संस्थेचं जाहीर धोरण, असेल तर स्कोप, म्हणजे काय काय तपासायला परवानगी आहे ते, शब्दन् शब्द वाचा, स्कोपच्या बाहेरचं सबडोमेन म्हणजे परवानगी नसलेलं सबडोमेन. यातलं काहीच नसेल तर थेट संस्थेला लिहू नका, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला लिहा, आज मी असते तर तेच केलं असतं. रिपोर्ट घेऊन संबंधितांकडे पोचवणं हे त्यांचं कामच आहे, २०२१ पासून सीव्हीई नंबरही (जाहीर झालेल्या बगचा ओळख क्रमांक) ते देतात. वीज, बँका, टेलिकॉम असल्या महत्त्वाच्या यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी ही सरकारी संस्था वेगळी आहे. मात्र पोच मिळाल्यावर पुढे काय झालं हे कळेलच अशी आशा ठेवू नका, आणि माहितीच्या अधिकारात विचारू म्हणाल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला त्या कायद्यातून वगळलंय. राग येतो, पण निदान तुमचं नाव थेट वकिलाच्या टेबलावर जात नाही.

घरी कळलं तेव्हा बाबा म्हणाले, तुला कोणी सांगितलं होतं लोकांच्या दाराची कुलपं ओढून बघायला? यावर मी बरेच दिवस मनात भांडले. माझं म्हणणं एवढंच की त्या दाराआड माझीच कागदपत्रं होती ना, कुलूप लागलंय का हे मी बघायचं नाही तर कोणी? २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्यात डेटा नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे, नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे आणखी १८ महिने दिलेत. ज्याच्याकडून गळतं त्याला दीड वर्षाची सवड आणि गळती दाखवणाऱ्यासाठी त्या कायद्यात एक ओळ नाही. असो. बाबांना हे पटलं नाही, वकिलाची फी मात्र त्यांनीच भरली.

आणि हे फक्त माझ्यासारख्या चिल्लर लोकांचं होतं असं समजू नका. २०१० मध्ये हैदराबादच्या हरी प्रसाद यांनी अॅलेक्स हाल्डरमन (अमेरिकन प्राध्यापक) आणि रॉप खोंगग्रेप (डच हॅकर) यांच्यासोबत ईव्हीएममधल्या त्रुटी दाखवल्या. ऑगस्टमध्ये त्यांना अटक करून मुंबईला आणलं, कारण ते मशीन मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेलं होतं आणि पोलिसांना हवं होतं ते कोणी दिलं त्याचं नाव. निष्कर्ष बरोबर की चूक हा त्या अटकेत मुद्दाच नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेने त्यांना पुरस्कार दिला. यातून शिकायचं काय, तर तपासायची वस्तू तुमच्या हातात कशी आली या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर बाकीचं काही कोणी ऐकत नाही.

घाबरलात? थोडं घाबरायलाच हवं. पण सोडून जाऊ नका, कारण दुसरा रस्ता आहे आणि माझ्या मते नवशिक्यासाठी तोच बरा आहे: ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर. कोड तुमच्या लॅपटॉपवर, सर्व्हर तुमचा, डेटा खोटा, आणि वापरा, बघा, बदला याची परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली. ४३ चा प्रश्नच उरत नाही. जुना सीव्हीई घ्या, त्यावेळचं व्हर्जन उतरवून तो बग स्वतः उभा करा, मग फिक्सचा कमिट, म्हणजे दुरुस्तीसाठी कोडमध्ये काय बदललं त्याची नोंद, वाचा, तो का पुरला हे समजेपर्यंत उठू नका. मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा याने जास्त शिकवलं, आणि आमच्याकडे इंटरव्ह्यूला आलेल्याला मी हेच विचारते.

'कोड उघडा आहे म्हणजे हजार डोळे बघतायत' या भ्रमात तेवढं राहू नका. हार्टब्लीड नावाचा बग ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरचा डेटा गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन वर्षं सगळ्यांच्या नाकासमोर होता, २०१४ ला सापडला. एक्सझेड या फाइल लहान करायच्या टूलमध्ये जिया टॅन नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून काम करत विश्वास कमावला, दमलेल्या मेंटेनरवर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यावर) दुसऱ्या नावांनी दबाव आणला गेला आणि शेवटी बॅकडोर, म्हणजे चोरदार, आत गेलं. मार्च २०२४ मध्ये ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंडने, तो सिक्युरिटीवाला नाही, पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि त्याने विषय सोडला नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी 'नेट स्लो असेल' म्हणून चहा प्यायला जाणं पसंत केलं असतं.

इथेही शिस्त आहेच. बग सापडला की उघडा इश्यू, म्हणजे सगळ्यांना दिसणारी तक्रार, टाकायचा नाही, सिक्युरिटीची फाइल वाचून खासगीत कळवायचं. मेंटेनरवर प्रयोग करायचे नाहीत, मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) मुद्दाम खोडसाळ पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवून पेपर लिहिला आणि २०२१ मध्ये अख्ख्या विद्यापीठाला दार बंद झालं. आणि कृपा करून एआयने लिहिलेला रिपोर्ट न तपासता पाठवू नका, कर्ल या ओपन सोर्स टूलचे डॅनियल स्टेनबर्ग असल्या कचऱ्याबद्दल कधीपासून ओरडतायत. फुकट काम करणाऱ्या माणसाची संध्याकाळ खाऊन तुमचा प्रोफाइल वाढत नाही.

सरांबद्दल एक बोलतेच. शनिवार-रविवारच्या वर्कशॉपमध्ये काळी हुडी घालून 'चला, एक लाइव्ह साइट पाडून दाखवतो' म्हणणारा सर दिसला तर फी परत मागा आणि बाहेर पडा. स्कोप हा शब्द पहिल्या तासात न काढणारा माणूस तुम्हाला गोत्यात आणणार, त्याचं स्वतःचं काही जात नाही. त्यापेक्षा नल या सिक्युरिटीवाल्यांच्या कम्युनिटीच्या मीटअप्सना जा, पुण्या-मुंबईत होतात, पैसे लागत नाहीत, मागच्या रांगेत बसलेली गप्प माणसं तिथे जास्त शिकवतात. नलकॉन ही सिक्युरिटीची परिषद गोव्यात २०१० पासून भरते, पण तिचं तिकीट पहिल्या वर्षी काढायची काही गरज नाही.

बग दुरुस्त झाल्यावर त्यावर लिहायचं का? लिहायचं, तो तुमचा हक्क आहे, पण शब्द जपून. आपल्याकडे २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यानंतरच आयटी कायद्यातल्या ६६अ ला, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराच्या कलमाला, आव्हान गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले, २०२१ मध्ये खुद्द कोर्टाने त्यावर आश्चर्य व्यक्त केलं. अब्रूनुकसानीचं कलम तर जागेवरच आहे, न्याय संहितेत ३५६. 'या लिंकवर लॉगिन न तपासता पावती मिळत होती' हे लिहा. 'या बेजबाबदार संस्थेने मुलांचा डेटा विकायला काढला' हे लिहू नका, रागात कितीही खरं वाटलं तरी. माझ्या केसवर मी अजून काहीच लिहिलेलं नाही. प्रकरण थंड झालं, आम्ही लेखी उत्तर दिल्यावर पुढे कोणी काही बोललं नाही आणि ती लिंक गुपचूप दुरुस्त झाली, आभार वगैरे सोडा.

तुम्हाला नोटीस आलीच तर काहीही डिलीट करू नका, रात्री घाबरून बर्पचे लॉग उडवले तर तुमच्या बाजूचा एकमेव पुरावा गेला. पाठवलेला मेल, वेळेसकट रिक्वेस्ट, मैत्रिणीची परवानगी व्हॉट्सअॅपवर असेल तर तीही, सगळं एका फोल्डरमध्ये. ओळखीत वकील नसेल तर दिल्लीतल्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन किंवा एसएफएलसी या डिजिटल हक्कांच्या संस्थांना लिहून बघा, त्यांना हा विषय पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही. आणि फोनवर माफी, खुलासा, गयावया काहीही करायचं नाही. 'मेलवर पाठवा, लेखी उत्तर देते' एवढं बोलायचं आणि ठेवून द्यायचा.